थँक्सगिव्हिंग, दोन लहान मुलं आणि अकरा पानं

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत घर, मुलं साडेतीन वर्षांचं आणि दहा महिन्यांचं. भारतातून सासू-सासरे आलेत, ते शाकाहारी. यंदा पहिल्यांदाच थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा अमेरिकन सण) घरी अकरा माणसं, त्यांत एक अमेरिकन शेजारी कुटुंब. टर्की (कोंबडीसारखा, पण बराच मोठा पक्षी) झालीच पाहिजे असं नवऱ्याचं म्हणणं. जेवण किती वाजता ठेवू, टर्की कशी जमवू, मुलांना काय भरवू, आणि हे सगळं चालू असताना मुलांकडे बघणार कोण?

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करायला हवी, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. बहुतेक जण आधी टर्कीचं वजन बघतात, त्यावरून ओव्हनची वेळ काढतात, त्यावरून जेवणाची, आणि उरलेल्या फटीत मुलांची झोप कोंबतात. गणित उलटं मांडा. आधी मुलांची दुपारची झोप लिहा, मग बाकीचं.

अमेरिकन घरांत हे जेवण साधारण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होतं. दोनची वेळ तुमच्या घराला सोयीची नाही, कारण दोन वाजता दोन्ही मुलं झोपेला आलेली असतात आणि मोठ्या माणसांच्या हातात उकळती ग्रेव्ही असते. संध्याकाळी सहाही नको. नोव्हेंबरच्या शेवटी तुमच्याकडे साडेचारलाच अंधारतं, साडेपाचला मुलं किरकिरायला लागतात. चारला पानं मांडा. दीड ते तीन दोघांची झोप (मोठा झोपत नसेल तर खोलीत पुस्तकं घेऊन पडून राहणं), साडेतीनला बाळाचं भरवून घ्यायचं, चारला सगळे एकत्र, सहाला पाहुणे निघतात, सातला मुलं अंथरुणात. पाहुण्यांना ही वेळ आठवडाभर आधी कळवा आणि ‘सहाला मुलांची झोपायची तयारी सुरू होते’ हेही सांगून ठेवा. अमेरिकन पाहुण्यांना याचं काही वाटत नाही. आपल्या माणसांना मात्र आवर्जून सांगावं लागतं, नाहीतर ती पावणेसहाला पोचतात.

भारतातला फोन सकाळी आठला करून टाका. हिवाळ्यासाठी इथली घड्याळं तासभर मागे गेल्यानंतर फरक साडेदहा तासांचा असतो, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा. संध्याकाळसाठी ठेवलात तर तिकडे पहाट असते.

आता टर्की. माझं मत स्पष्ट आहे: दोन लहान मुलं असलेल्या घरात पहिल्याच वर्षी अख्खी टर्की करू नये. हाडासकट छातीचा भाग मिळतो, तो पाच-सहा पौंडांचा आणा. अकरांतले शाकाहारी आणि मुलं वगळली तर मांस खाणारे पाच-सहाच उरतात, त्यांना तेवढा पोटभर होतो आणि दुसऱ्या दिवसालाही पुरतो. माणशी एक पौंडाचा जो हिशेब सांगतात तो अख्ख्या पक्ष्याचा, हाडं धरून. शिवाय बारा पौंडांचा पक्षी, त्याची कढई आणि खाली साठलेलं गरम तेल-पाणी मिळून चांगलंच जड होतं, आणि ते ओव्हनमधून काढताना पायात मूल आलं तर हात मोकळा नसतो. अंगणात तेलात अख्खी टर्की तळायची टूम कोणी काढली, तर ती मुलं मोठी होईपर्यंत लांबणीवर टाका.

गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांना चोवीस तास लागतात. सहा पौंडांचा तुकडा मंगळवारी सकाळी फ्रीजरमधून खालच्या फ्रीजमध्ये आणा. बुधवारी संध्याकाळपर्यंत तो सुटतो, आणि सुटल्यावर एक-दोन दिवस फ्रीजमध्ये चांगला राहतो. अख्खी बारा पौंडांची आणलीच, तर रविवारी संध्याकाळी. ठेवायची सगळ्यात खालच्या फळीवर, काठ असलेल्या ट्रेमध्ये, कारण वेष्टन गळतंच. बाळाचं दूध, दही, इडलीचं पीठ हे सगळं वरच्या फळ्यांवर. फसतं ते बहुधा इथे: बुधवारी रात्री लक्षात येतं की आत अजून बर्फाचा गोळा आहे, आणि टर्की सिंकमध्ये किंवा ओट्यावर उघडी रात्रभर ठेवली जाते. बाहेरचं मांस ४० अंश फॅरनहाइटच्या वर तासन्‌तास राहतं, जिवाणू वाढतात, आतला गोळा तरीही तसाच. वेळ चुकली असेल तर वेष्टनासकट गार पाण्यात बुडवा, पौंडाला अर्धा तास, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून. सहा पौंडांना तीन तास. अशी सोडवलेली टर्की लगेच शिजवायची, परत फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

आणि धुवायची नाही. आपल्याकडे चिकन हळद-मीठ लावून दोन पाण्यांतून काढल्याशिवाय चैन पडत नाही, सासूबाई शाकाहारी असल्या तरी ‘निदान धू तरी’ म्हणतील. नळाखाली धरलं की कच्च्या मांसाचे शिंतोडे सिंकभर उडतात, आणि बाळाच्या बाटल्या वाळत घातलेली जाळी नेमकी सिंकच्याच बाजूला असते. जिवाणू मरतात ते ओव्हनमध्ये. कागदी टॉवेलने टिपून घ्या, तो टॉवेल थेट कचऱ्यात टाका, आणि हात साबणाने वीस सेकंद धुवा.

मसाला लावण्याआधी वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. अमुक टक्के मिठाचं पाणी आधीच टोचलं आहे असं लिहिलेलं असेल तर वेगळं मिठाच्या पाण्यात मुरवू नका आणि वरून मीठ अगदी बेताने. खाली जमणारा रस आटला की खारट होतो आणि त्याचीच ग्रेव्ही होते. मीठ टोचलेलं नसेल तर पौंडाला अर्धा छोटा चमचा जाडं मीठ आदल्या रात्री चोळून ठेवा. गुरुवारी सकाळी कातडीखाली बोटं घालून मऊ लोणी, ठेचलेला लसूण आणि मिरपूड सरकवा. लसूण कातडीवर लावला तर करपून कडू होतो.

ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटवर. चार ते सहा पौंडांच्या छातीच्या तुकड्याला दीड ते सव्वादोन तास लागतात. पाऊण वाजता आत गेला की सव्वादोनला पहिल्यांदा तपासायचा आणि पावणेतीन-तीनला तो बाहेर आलेला असतो. म्हणजे ओव्हन उघडणं, तपासणं, जड भांडं बाहेर काढणं ही सगळी कामं मुलं झोपलेली असताना उरकतात. चारचं जेवण म्हणतो ते यासाठीच. अख्खी बारा पौंडांची असेल तर तीन ते पावणेचार तास धरा आणि सव्वाअकराला आत घाला.

शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका. टर्कीत खोचून येणाऱ्या आणि टक्‌कन वर येणाऱ्या प्लास्टिकच्या खुंटीवरही विसंबू नका. पंधरा-वीस डॉलरचा खुपसायचा थर्मामीटर घ्या. सुई वरून नाही, बाजूने घाला, सगळ्यात जाड भागाच्या मध्यापर्यंत. हाडाला टेकली की आकडा चुकीचा येतो. हात थोडा मागे घेऊन पुन्हा बघा. दोन-तीन ठिकाणी १६५ अंश दिसले की झालं. अख्ख्या पक्ष्यात मांडीचा आतला भाग आणि पंखाची खाचही तपासावी लागते. बाहेर काढल्यावर अर्धा तास झाकून राहू द्या. लगेच कापली तर रस पाटावर वाहतो आणि ताटात चोथा येतो.

त्या अर्ध्या तासात मोकळा ओव्हन ३५० वर नेऊन बाकीचे पदार्थ गरम करून घ्या.

शाकाहारी पाहुण्यांच्या बाबतीत गफलत टर्कीच्या ताटात होत नाही, बाजूच्या पदार्थांत होते. रताळ्याच्या कॅसरोलवर (ट्रेमध्ये थर लावून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) घालतात त्या मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांतून काढतात. पाकिटातल्या स्टफिंगच्या (टर्कीबरोबर खायचं पावाच्या तुकड्यांचं सारण) मिश्रणात बऱ्याचदा कोंबडीचा अर्क असतो. तयार ‘पाय’च्या (पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) कवचात कधी डुकराची चरबी असते, पाकीट वाचून घ्या. वूस्टरशायर सॉसमध्ये साधारणपणे मासे असतात. पाहुणे काहीतरी करून आणणारच. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर अमेरिकन यजमानाला कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं स्टफिंग सुचू शकतं, तेव्हा ‘सूपसुद्धा भाज्यांचंच’ हे शब्द उच्चारून सांगा. स्टफिंग टर्कीच्या पोटात भरू नका, वेगळ्या ट्रेमध्ये भाजा. शाकाहारी होतं, शिवाय पोटातलं स्टफिंग १६५ पर्यंत न पोचण्याचा धोका टळतो.

सासू-सासऱ्यांना नुसत्या बाजूच्या पदार्थांवर भागवायला लावू नका. अडीच-तीन वाट्या तांदळांचा मसालेभात गॅसवर होतो, ओव्हनची जागा अडवत नाही, हॉट केसमध्ये दोन तास गरम राहतो, आणि मोठं मूल ताटातलं सगळं नाकारून शेवटी भातच खातं. क्रॅनबेरीला करवंदाजवळ जाणारा आंबटपणा आहे, तिचा मेथांबा उत्तम होतो. १२ औंसांची एक पिशवी, चमचाभर तेलाच्या फोडणीत मोहरी, पाव चमचा मेथ्या, हिंग, हळद. फळं घालून अर्धी वाटी पाणी, चवीला मीठ-तिखट, फळं तडतडून फुटली की पाऊण वाटी चिरलेला गूळ. दहा मिनिटांत गॅस बंद. पातळ वाटला तरी आटवत बसू नका. क्रॅनबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, भरपूर; गार झाल्यावर घट्ट होतो, आणि गरम असतानाच घट्ट केला तर दुसऱ्या दिवशी सुरीने कापावा लागतो. हा मंगळवारीच करून ठेवा.

हिरव्या शेंगांचं कॅसरोल मात्र आहे तसंच करा. मशरूम सूपचा डबा, शेंगा, वर तळलेला कांदा. १९५५ साली कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी ते बसवलं. त्यात सुधारणा करायला गेलं की शेजाऱ्यांचा चेहरा पडतो. पंपकिन पाय बुधवारी करून फ्रीजमध्ये ठेवा. डबा घेताना ‘पाय फिलिंग’ लिहिलेला उचलू नका, त्यात साखर-मसाला आधीच असतो. नुसत्या भोपळ्याच्या गराचा १५ औंसांचा हवा.

आता मुलांची ताटं. दहा महिन्यांच्या बाळासाठी वेगळं काही रांधायची गरज नाही, वेळेवर बाजूला काढायची आहे. बटाटे, रताळी, शेंगा उकडल्या की मीठ, साखर, लोणी पडायच्या आत त्याची वाटी काढून घ्या. टर्कीचे तंतू बोटांनी अगदी बारीक सोडवून बिनमिठाच्या पाण्यात किंवा त्याच्या नेहमीच्या दुधात भिजवा. छातीचं मांस कोरडं असतं, टाळूला चिकटतं. ग्रेव्ही नको. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, शिजवलेल्या पदार्थातलासुद्धा नाही. त्यातल्या बीजाणूंमुळे बाळांना बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. हॅमवर, गाजरांवर, पावावर मध चोपडलेला असतो, आणि आपल्याकडच्या आजींना मधाचं बोट चाटवण्यात काही वावगं वाटत नाही. हे आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, चारचौघांत हात धरायची वेळ येऊ द्यायची नाही.

घशात अडकणाऱ्या गोष्टी दोघांच्याही हाताला लागू नयेत: अख्खी द्राक्षं, कच्ची क्रॅनबेरी, पेकन-बदाम, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराच्या चकत्या, छोटे मार्शमेलो. धोका जेवणाच्या टेबलावर कमी, त्याआधीच्या चीज-फळांच्या ताटात जास्त, कारण ते खुर्च्यांच्या मधल्या बुटक्या टेबलावर ठेवलेलं असतं आणि मूल चालता चालता मूठ भरतं. ते ताट ओट्यावर ठेवा. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा; आडव्या चकत्या केल्या तर त्या गोलच राहतात आणि घशात नेमक्या बसतात. खोकला-आवाज येत असेल तर मूल स्वतःच बाहेर काढतंय, बोटं घालू नका. आवाज बंद झाला तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आळीपाळीने, आणि दुसऱ्याने ९११ हा आणीबाणीचा नंबर लावायचा. हे वाचून येत नाही, आधी वर्ग करून घ्या. सुकामेव्याचा पहिला घास देण्याचा मुहूर्तही हा नव्हे. ॲलर्जी उठली तर डॉक्टरांचं क्लिनिक बंद, आणि गर्दीत अंगावरचं पुरळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या ताटात त्याच्या ओळखीचा एक पदार्थ, बाकी सगळं चमचा-चमचा. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंची विभागणी इथे कामी येते: काय, कधी, कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं का आणि किती, ते मुलाने. ‘ताटातलं संपव, मग पाय मिळेल’ असा सौदा पाहुण्यांसमोर करायला गेलात तर हरणार तुम्हीच. साडेअकराला त्याचं नेहमीचं वरण-भात-दही नीट झालं असेल तर चारला त्याने नुसता पाव खाल्ला तरी काही बिघडत नाही.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. अकरा माणसांत मुलांकडे सगळे बघतात असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून कोणीच बघत नाही. बारभाईची शेती होते. उपाय साधा आहे. मोठ्या मुलाकडून पुठ्ठ्यावर हाताचा पंजा काढून रंगवलेली टर्की करून घ्या (इथल्या प्रत्येक प्रीस्कूलमध्ये ती करतातच), तिला दोरा बांधा. ज्याच्या गळ्यात ती, त्याने पुढची वीस मिनिटं फोन, गप्पा, वाढणं सगळं सोडून मुलांवर नजर ठेवायची. नंतर ती दुसऱ्याच्या गळ्यात स्वतः घालायची आणि तोंडाने सांगायचं. खुर्चीवर काढून ठेवायची नाही. दोन वेळा डोळ्यांत तेल घालून बघायच्या: साडेतीन ते चार, जेव्हा मुलं नुकतीच उठलेली असतात आणि सगळी गरम भांडी ओव्हनमधून टेबलाकडे निघतात, आणि पाहुणे निघतानाची दहा मिनिटं, जेव्हा दार उघडं असतं आणि सगळे कोट शोधत असतात. पहिल्या वेळी मुलं स्वयंपाकघराच्या फाटकाबाहेर. टेबलावर लोंबता टेबलक्लॉथ नको, बाळ त्याला धरूनच उभं राहतं.

दुसरी जोखीम कोणाच्या मनातही येत नाही: आजी-आजोबांच्या गोळ्या. भारतातून आणलेल्या पट्ट्या आणि वारांचा डबा मुलांना सहज उघडतो. रक्तदाबाची आणि मधुमेहाची काही औषधं अशी आहेत की एखादी गोळीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. डबा वरच्या कपाटात, त्यांच्या उशाशी नाही. पाहुण्यांच्या पर्सही त्याच हिशेबात धरा. कोट-पर्स एका खोलीत ठेवून दार बंद करा. काही पोटात गेल्याची शंका आली तर विषबाधा मदत क्रमांक १-८००-२२२-१२२२, चोवीस तास, सणालाही चालू. मूल बेशुद्ध असेल, श्वास घेताना त्रास होत असेल तर सरळ ९११. बटणासारखी बॅटरी गिळली असेल तर वाट न बघता इमर्जन्सी. डायपर, ताप उतरवायचं औषध, दुधाची पावडर बुधवारी दुपारपर्यंत भरून घ्या, गुरुवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात.

शाळेतून मोठा ‘पिलग्रिम्स अँड इंडियन्स’ (सुरुवातीला आलेले इंग्रज आणि अमेरिकेचे मूळ रहिवासी) ऐकून आला तर आपल्या घरात हमखास गोंधळ उडतो: ‘आपण पण इंडियन ना?’ त्याला एवढं पुरे की ते वेगळे लोक, त्यांचं नाव वाम्पानोआग, ही जमीन त्यांची होती. १६२१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला पीक हाताशी आल्यावर ते आणि नवे आलेले इंग्रज तीन दिवस एकत्र जेवले. पुढे त्या लोकांचे फार हाल झाले, म्हणून १९७० पासून त्यांच्यातले बरेच जण याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात. हे तो सात-आठ वर्षांचा झाल्यावर सांगा. कागदाच्या पिसांचा मुकुट मात्र आताच टाळा. सासूबाईंना समजावताना कोकणातली नवान्न पौर्णिमा आठवून द्या, नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात ती, लगेच उमगतं. आणि टेबलावर लहान मुलाला ‘तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस’ असं विचारू नका, ‘आज काय आवडलं’ विचारा. उत्तर ‘ट्रक’ आलं तरी चालेल.

वाढल्यापासून दोन तासांच्या आत मांस, दुधाचे पदार्थ, पाय सगळं फ्रीजमध्ये, उथळ डब्यांत. खोल पातेल्यात मधला भाग गारच होत नाही. तीन-चार दिवसांत संपवा, परत गरम करताना वाफा येईपर्यंत. रात्री कितीही दमलात तरी सोफ्याखालचे, खिडकीतले अर्धे वाइनचे ग्लास गोळा करा, कारण सकाळी सहाला सगळ्यात आधी उठणार आहे तो बाळच. उरलेल्या रताळ्याच्या गरात भाजणी, तीळ आणि हिरवी मिरची घालून शुक्रवारी थालीपीठं लावा. गरात लोणी असल्यामुळे पाणी लागत नाही, भाजणी मावेल तेवढीच घाला आणि मुलांची थालीपीठं मिरची घालायच्या आधी थापून घ्या.